शब्द कुठे भेटतात

नेरमधली मुलं स्पर्धा परीक्षेसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या घोकतात. परीक्षा संपते, शब्दही जातात. आमचं म्हणणं एवढंच, की शब्द टिकवायचे तर एखाद्या ग्रंथावरचं चांगलं भाष्य सावकाश वाचा. ज्ञानेश्वरी आहेच. या अंकात आम्ही बायबल निवडलं, कारण मराठीत त्याचीही चारशे वर्षांची परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीबद्ध! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

सुरुवात बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथापासून करा. गुरंढोरं, मुलंबाळं, सारं गमावलेला हा माणूस राखेत बसलाय. मित्र समाचाराला येतात, सात दिवस गप्प बसतात आणि मग त्यालाच दोष देऊ लागतात. त्यावरचं भाष्य वाचताना सांत्वन, उपदेश आणि दोषारोप यांतलं अंतर नेमकं कळतं. कापूस हातचा गेलेल्या घरी अशी बोलणी आपल्या तालुक्यात कोणी ऐकली नाहीत?