आठवीपासूनची तयारी

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात पेढे फिरतात आणि आठवड्याभरात पालक आमच्याकडे येऊ लागतात. "टीचर, मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते. सायन्सला घालू का?" प्रश्न योग्य आहे, पण तो विचारायची वेळ आठवीत होती. सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला, तेव्हा वीस वर्षांवरील एकूण लोकांत पदवी-पदविका घेतलेले सुमारे 7 टक्के होते, आणि मुसलमानांत 4 टक्क्यांहूनही कमी. आकडा आता जुना झाला. मात्र अकरावी सायन्सच्या पहिल्या सहामाहीत आमची मुलं गळतात, ते आम्ही दरसाल पाहतो.

ही मुलं मठ्ठ नसतात. उर्दू शाळेतल्या मुलाला 'खलिया' पक्का ठाऊक असतो, मराठी शाळेतल्या त्याच्या चुलतभावाला 'पेशी'. अकरावीत दोघांपुढेही 'सेल' येतो. तुरशा आणि आम्ल, दोन्हींचं ॲसिड होतं. इसराअ आणि त्वरण, दोन्हींचं ॲक्सिलरेशन. वस्तू तीच, पण पहिले चार महिने शब्द ओळखण्यातच जातात. तोवर चाचणी होऊन जाते. कॉलेजातले सर म्हणतात पोरगं कच्चं आहे, आणि वाईट असं की पोरगंही तेच मानू लागतं. दिवाळीनंतर वडिलांचा फोन येतो, आर्ट्सला बदलून मिळेल का?

यावर आमचा उपाय अगदी साधा आहे: एक लांब वही. त्यात तीन रकाने आखायचे. पहिल्यात आपल्या माध्यमाचा शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, तिसऱ्यात छोटी आकृती किंवा स्वतःच्या शब्दांत एक ओळ. रोज 5 शब्द. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला 1000 होतात. आठवीत सुरुवात केली तर दहावीपर्यंत पुस्तकातला कामाचा शब्द सहसा सुटत नाही. अम्मीला इंग्रजी येत नसेल तरी चालतं. तिने संध्याकाळी पहिल्या रकान्यावर बोट ठेवायचं आणि दुसरा रकाना झाकून विचारायचं. मातृभाषेतून शिकणं तोट्याचं आहे, असं मात्र कोणी समजू नये. ज्याला आनुवंशिकता उर्दूत नीट उमगली, त्याला ती इंग्रजीत दोन दिवसांत समजते. घोकलेली असेल तर कोणत्याच भाषेत समजत नाही.

नीट परीक्षा 2018 पासून उर्दूतही देता येते, मराठीतूनही देता येते. अशा उमेदवाराला दोन्ही भाषांतली प्रश्नपत्रिका मिळते, पण अर्थाचा वाद निघाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणजे ती वही तिथेही कामाला येते. परीक्षेत 180 प्रश्न असतात, त्यांतले 90 जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. अंदाजाने ठोकून द्यायची सवय दहावीतच मोडलेली बरी. बुरखा किंवा हिजाब घालून जाणाऱ्या मुलींनी तपासणीसाठी केंद्रावर लवकर पोहोचायचं असतं, ही सूचना प्रवेशपत्रासोबतची पानं वाचल्यावर कळते. ती वाचतं कोण!

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. दहावीला विज्ञानाचे 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते बहुतेकांना मिळून जातात, म्हणून कपाटाची किल्ली वर्षातून दोनदाच निघते. पालकसभेत वर्गाच्या पंख्याबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा सूक्ष्मदर्शकाबद्दलही विचारावं.

डॉक्टरकीखेरीज दवाखान्यात दुसरी कामंच नाहीत, असं आमच्याकडे समजलं जातं. युनानीची बीयूएमएस पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आहे, प्रवेश नीटमधूनच होतो; पुण्यात आझम कॅम्पसमध्ये आणि मालेगावला मन्सूरा इथे तिची महाविद्यालयं आहेत. इथे उर्दू येणं हा खरोखर फायदा ठरतो. डी.फार्म. दोन वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स आणि जीवशास्त्र लागतं, पण तीन वर्षांचं जीएनएम आर्ट्सच्या बारावीनंतरही करता येतं, इंग्रजी विषय आणि 40 टक्के गुण असले म्हणजे झालं. नर्सिंगचं नाव काढलं की "रात्रपाळी असते" हे उत्तर तयार असतं. पण आपल्या घरच्या बाळंतिणीजवळ रात्री बाई माणूसच हवं, असा हट्ट धरणारेही आपणच.

आता कागदपत्रं. हुशार मुलींचं वर्ष वाया गेलेलं आम्ही पाहिलं ते इथे. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या बऱ्याच जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून व्हायला हवा. अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा यात येत नाही. सवलत मोठी आहे, पण दाखल्यावर जात असेल तर! आमच्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' किंवा 'मुसलमान' लिहिलेलं असतं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि पडताळणी, तिन्हींना वेळ लागतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा एखाद्या जुन्या खरेदीखतात सापडतो, आणि आजोबा असतानाच विचारलं तर लवकर सापडतो. आजोबांच्या कागदावर 'शेख' एका प्रकारे आणि नातीच्या आधारवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर आणखी हेलपाटे.

म्हणून ज्यांचं मूल यंदा आठवीत आहे, त्यांनी याच महिन्यात शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद पाहावी: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. मूल शाळेत शिकत असेपर्यंत चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पुराव्यासह मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तेच काम फार अवघड होऊन बसतं. जाताना आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत न्यावी.