इंटर झाली, नोकरी सोडू कशी?

मी रत्नागिरीत सीएची प्रॅक्टिस करतो, आर्टिकल (सीए होण्यासाठीची उमेदवारी करणारी मुलं) ठेवतो. म्हणजे पुढे जे लिहिलंय ते माझ्याच खिशाला चाट लावणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो. ‘मग लिहितोस कशाला?’ असं एका व्यवसायबंधूने विचारलंही. त्याचं उत्तर एका मुलात आहे.

हा मुलगा आंब्याच्या एका कॅनिंग कारखान्यात अकाउंट्स बघतो. बी.कॉम.ला पंचावन्न टक्क्यांच्या वर मार्क होते, त्यामुळे सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट दुसरीला, इंटरला बसता आलं. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून त्याने इंटरचे दोन्ही ग्रुप काढले. पावसाळ्यात माझ्याकडे आला तो आर्टिकलशिपचं विचारायला. मी घेतो म्हटलं. विद्यावेतन किती देतो तेही सांगितलं. सीएंच्या संस्थेने ठरवलेल्या किमान आकड्यापेक्षा ते बरंच जास्त आहे, तरी त्याचा चेहरा उतरला.

“सर, मला अठरा हजार मिळतात. बाबा बोटीवर खलाशी होते, आता जात नाहीत. घर माझ्यावर आहे. कारखाना सुटल्यावर संध्याकाळी येऊन केलं तर चालेल?”

चालत नाही. आर्टिकलला संस्थेच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय, दुसरी नोकरी करता येत नाही. आठवड्याचे ३५ तास ऑफिसात काढायचे, ते ऑफिसच्या वेळेत. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, हे चांगलंच झालं. पण त्या दोन वर्षांनंतर फायनलला बसण्याआधी सहा महिने अभ्यासाचे. म्हणजे अडीच वर्षं पगाराविना, तेही सगळे पेपर पहिल्या झटक्यात सुटले तर.

तो चहा घेत बसला होता तेव्हा माझ्या टेबलावर पावसच्या एका बागायतदाराची फाइल उघडी होती. आर्टिकलने वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या लावून हिशेब तयार केला होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्या विकल्या गेल्या की दलाल एक पट्टी पाठवतो. तीत किती पेट्या, काय भाव, मग त्यातून भाडं, हमाली वजा, आणि हंगामाआधी बागायतदाराने घेतलेली उचल असेल तर तीही वजा. खाली उरलेली रक्कम बँकेत येते. माझ्या आर्टिकलने बँकेत आलेली ती खालची रक्कमच विक्री म्हणून धरली होती. मुलाने उलट्या बाजूने दोन पट्ट्या वाचल्या आणि म्हणाला, “सर, उचल आधी कुठे जमा दाखवलीय? नाही तर विक्री कमी दिसतेय आणि दलालाचं देणं कुठेच नाही.” बरोबर होतं. बी.कॉम.च्या पुस्तकात हाच प्रकार कन्साइनमेंट म्हणून असतो, तो आर्टिकलनेही वाचला होताच. पण उचलीची चिठ्ठी डिसेंबरात येते आणि पट्टी एप्रिलात, हे कारखान्यात बसून कळतं. आंबा झाडावर विकला तर शेतीचं उत्पन्न, त्याचा पल्प करून डबा विकला की धंद्याचं, हा फरकही त्याला कोणी शिकवावा लागला नसता. दोन्ही बाजूची बिलं तोच लिहितो.

त्याच्या या कामाचा एक दिवससुद्धा सीएच्या हिशेबात धरला जात नाही.

आता विद्यावेतनाकडे येऊ. आर्टिकलचं किमान विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. वीस लाखांच्या वरचं शहर, चार ते वीस लाखांचं शहर, आणि चार लाखांच्या आतलं गाव, असे तीन रकाने आहेत. २०२३ मध्ये आकडे दुप्पट केले, तेव्हा कौतुकही झालं. दुप्पट होऊन आमच्या रकान्यात काय आलं? पहिल्या वर्षी महिना २००० रुपये. रत्नागिरी नगर परिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती. चार लाखांचा आकडा गाठायला आम्हाला अख्ख्या तालुक्यांना शहरात आणून बसवावं लागेल.

या दोन हजारांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ नाव दिलं. तीत बारावी झालेल्याला महिना ६ हजार आणि पदवीधराला १० हजार मिळतात. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतनही २०१९ च्या नियमदुरुस्तीत ९ हजारांवर नेलं. म्हणजे तोच बी.कॉम. मुलगा सरकारी कचेरीत फायली लावायला बसला तर १० हजार, आणि इंटरचे दोन्ही ग्रुप काढून माझ्याकडे ऑडिटला आला तर कायद्याने २ हजार पुरेत. इंटरच्या निकालात किती जण गळतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

लोकसंख्येचा रकाना ज्यांनी आखला त्यांचा विचार मला कळतो. लहान गावात राहणं स्वस्त, लहान गावातल्या सीएची फीही कमी. पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. घरून येणाऱ्याला खोलीभाडं नसतं, पण आमच्याकडे येणारी मुलं गावातली कुठे असतात? एक जाकादेवीकडून येते, एक लांज्याहून. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून जाकादेवीच्या मुलीचं भागतं. लांज्याच्या मुलाला पूर्ण तिकीट. त्याने कुवारबावला दोघांत खोली घेतली आहे. आणि परीक्षेची फी, पुस्तकं, क्लास यांचे दर गाव बघून ठरत नाहीत. जीएसटीचं ३बी विवरणपत्र मुंबईतही वीस तारखेलाच भरायचं आणि रत्नागिरीतही. पोर्टल अडलं की दोन्हीकडची मुलं रात्री दहापर्यंत बसतात.

परिणाम सगळ्यांना दिसतो आहे, फक्त त्याला कोणी नाव देत नाही. ज्याच्या घरचे अडीच वर्षं पोसू शकतात तो आर्टिकल होतो. त्यातला ज्याला परवडतं तो मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्मला जातो, जिथे किमानाच्या कितीतरी पट देतात. इथे राहतात ते थोडे. आणि ज्याच्या घरची चूल त्याच्या पगारावर पेटते तो इंटरवर थांबतो. पतपेढ्यांमध्ये, कारखान्यांत, बांधकामवाल्यांकडे असे इंटर झालेले हिशेबनीस तुम्हाला हवे तेवढे भेटतील. कामात पक्के आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीची वाट बघणारे.

तिसरा एक मार्ग असतो, तो सगळ्यांना माहीत आहे आणि सभेत कोणी बोलत नाही. डमी आर्टिकलशिप. कागदोपत्री एका फर्ममध्ये, प्रत्यक्षात नोकरीवर. संस्था अशांवर कारवाई करते आणि ती केलीच पाहिजे. ज्याला उद्या दुसऱ्याच्या हिशेबावर खरेपणाची सही करायची आहे त्याची सुरुवात खोट्या हजेरीने होऊ नये. पण नुसता दंडुका उगारून हे थांबणार नाही. क्लासला वेळ मिळावा म्हणून डमी करणारे चुकार पुष्कळ आहेत, त्यांची मला कणव नाही. पोटासाठी करणारेही आहेत, आणि त्यांना खरं बोलून पुढे जाण्याची वाट आपण ठेवलेली नाही.

आर्टिकल हा प्रकार आपण इंग्लंडहून घेतला. तिथे एके काळी क्लार्कच गुरूला पैसे भरून आर्टिकल व्हायचा, त्याला प्रीमियम म्हणत. साहजिकच खात्यापित्या घरची मुलंच या धंद्यात यायची. मुंबईत १९१८ मध्ये अकाउंटन्सीची सरकारी जीडीए परीक्षा सुरू झाली, तीत मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षांची उमेदवारी होती. १९४९ च्या कायद्याने आपली संस्था झाली, उमेदवारी राहिली, आणि आज विद्यावेतन द्यावंच लागतं. एवढा पल्ला गाठलाय हे खरं. पण दोन हजार देऊन नोकरी सोडायला लावणं म्हणजे प्रीमियम दुसऱ्या दाराने घेणंच झालं.

बाहेर काय चाललंय तेही बघावं. ब्रिटनच्या एसीसीए या अकाउंटंट्सच्या संस्थेला ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, तो पगारी नोकरीतला चालतो, वरिष्ठाने तपासून सही केली की झालं. आपल्याकडच्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेतही कारखान्यातलं काम प्रशिक्षणात धरतात. अमेरिकेत सीपीएच्या, म्हणजे तिथल्या सीएच्या, परवान्यासाठी पदवीच्या १२० क्रेडिटांवर आणखी ३० क्रेडिट कमवायची अट होती. फ्लोरिडाने ती १९८३ मध्ये सर्वांत आधी लावली आणि मग बाकी राज्यांनी. त्यासाठीच्या जादा, पाचव्या वर्षाच्या फीला घाबरून मुलं येईनात, तेव्हा ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. आता पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा पगारी अनुभव असला तरी परवाना मिळण्याची सोय झाली. आणखी बऱ्याच राज्यांनी तोच रस्ता धरला. आपल्या सरकारच्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही अनुभवाला क्रेडिट देण्याची तरतूद आहे.

नोकरीतला अनुभव धरा म्हटलं की आमच्या ज्येष्ठांचा आक्षेप ठरलेला आहे: हिशेब लिहिणं वेगळं आणि तपासणं वेगळं. आक्षेप रास्त आहे. पट्टी बरोबर लावणारा मुलगा आपल्याच मालकाच्या स्टॉकवर संशय घ्यायला शिकलेला नसतो. पतपेढीच्या ऑडिटला गेल्यावर पिग्मी एजंटच्या पावत्या आणि खातेदाराचं पुस्तक शेजारी ठेवून बघायचं, मॅनेजर कितीही ‘चहा घ्या’ म्हणाला तरी तिजोरीतली रोकड आधी मोजायची, हे ऑडिटरच्या हाताखालीच येतं. म्हणून मी सगळी नोकरी धरा म्हणत नाही. पण शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने कंपनीत इंडस्ट्रियल ट्रेनिंग करायला संस्थाच परवानगी देते. आर्टिकल झाल्यावर कंपनीत केलेलं काम प्रशिक्षण ठरतं, तर आर्टिकल होण्याआधी त्याच प्रकारच्या कंपनीत केलेलं काम का ठरू नये? इंटर पास, सलग तीन-चार वर्षांची नोकरी, पगार बँकेतून, आणि तिथल्या सीएने कामाची नोंदवही तपासून सही केलेली, अशा मुलाला नऊ महिन्यांची सूट द्या. उरलेलं सव्वा वर्ष आणि अभ्यासाचे सहा महिने तो कसेबसे काढेल. अडीच वर्षं नाही काढू शकत.

राहिला पैशाचा प्रश्न. रत्नागिरीतल्या फर्मला दहा हजार परवडतील का? तीन आर्टिकल असले तर वर्षाला साडेतीन लाखांच्या वर जातात, ते कुठून तरी यायला हवेत. काही आमच्या नफ्यातून येतील, येऊ देत. आमच्यातले बरेच जण किमान आकडा हाच कमाल समजून चालतात, ते बंद व्हायला हवं. अप्रेंटिसशिपच्या योजनेत पदवीधराच्या विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, तसा इथे लहान गावांपुरता संस्थेच्या निधीतून किंवा सरकारकडून का मागू नये? आणि काही क्लायंटकडून यावे लागतील. ऑडिटची फी मागच्या वर्षीएवढीच ठेवा म्हणून जे संचालक मंडळ ठराव करतं, त्यांच्या व्हाउचरवर टिका मारणारा हात दोन हजारांचा असतो, हे त्यांनाही कळू दे.

त्या मुलाला मी सांगितलं, नोकरी सोडू नको, अर्जाचा विचार वर्षभराने करू. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

संस्थेच्या केंद्रीय कौन्सिलला माझी विनंती एवढीच: विद्यावेतनाचा तक्ता पुन्हा काढाल तेव्हा लोकसंख्येचे तिन्ही रकाने खोडून देशभर एकच किमान आकडा ठेवा, आणि तो पदवीधर अप्रेंटिसपेक्षा कमी नसावा. तोवर रत्नागिरी, चिपळूण, सिंधुदुर्गातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी वाट बघण्याची गरज नाही. किमानापेक्षा जास्त द्यायला कुठलाही नियम आड येत नाही.