उमेदवार दारी आले की पाण्याचे आणि सावलीचे विचारा



राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या. नशिराबादेत ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. नगराध्यक्षही थेट आपल्या मताने निवडायचा होता.

पण नगरपरिषद आली तशी ग्रामसभा गेली. तिथे कोणीही उभे राहून सरपंचाला जाब विचारू शकत होते. आता ती सोय नाही. म्हणून जे विचारायचे, ते मत देण्याआधीच विचारून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

यंदा आम्ही हवामानाचा प्रश्न पुढे ठेवतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जुन्या धाब्याच्या घरात तो सोसवतो, पत्र्याखाली नाही. त्या दुपारी घरात कोण असते? बाळंतीण, तान्हे मूल, आजारी दादी. हमाल, गवंडी आणि हातगाडीवाला तर उन्हातच असतात.

उमेदवारांची तुलना करताना आधी एक चाळणी लावा. जे नगरपरिषदेच्या हातातच नाही, त्या आश्वासनाला गुण देऊ नका. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, कारखान्याच्या धुराचा बंदोबस्त प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. घरावरच्या सौर पॅनेलचे अनुदान ही केंद्राची योजना आहे. उमेदवार त्यासाठी पाठपुरावा करू शकतो, पण ते स्वतःचे काम म्हणून सांगू शकत नाही. पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे, झाडे ही मात्र नगरपरिषदेचीच कामे आहेत.

आता प्रत्येक उमेदवाराला हेच चार प्रश्न विचारा.

पाणी : नवी टाकी बांधणार म्हणता, मग गळकी जलवाहिनी कधी बदलणार? पाणी पंपाने चढते, पंप विजेवर चालतो आणि शेजारच्या दीपनगरात वीज कोळशावर तयार होते. गळती थांबली की पाणी, वीजबिल आणि कोळसा तिन्ही वाचतात.

सावली : समजा, एक उमेदवार दहा हजार झाडे लावतो म्हणाला आणि दुसरा पाचशे. दहा हजार ऐकून भुलू नका. कडुनिंब असो की करंज, रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि कुंपण लागते. ते कोण देणार, कोणत्या रस्त्यावर, हे सांगणारा पाचशेवालाच जास्त सावली देईल.

उष्मा : मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत फार माणसे दगावली. तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आणला. आधी इशारा देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाणपोया, छपरांना पांढरा रंग, अशी ती कामे आहेत. यातली बरीचशी लहान नगरपरिषदेलाही झेपतील. आपला उमेदवार मार्चपूर्वी असा आराखडा करील काय?

कचरा : ओला आणि सुका वेगळा उचलणार, की गावाबाहेर ढीग करून पेटवणार? त्याचा धूर शेवटी मोहल्ल्यातच येतो.

राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून सुरू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर स्थानिक संस्थांना त्यात गुण मिळतात. उमेदवाराला हे अभियान ठाऊक आहे का, एवढे विचारले तरी त्याचा अभ्यास कळेल.

घरात एका कागदावर उमेदवारांची नावे आणि समोर चार रकाने काढा. पक्ष, जात, नाते त्यात लिहू नका. कुठे, कधी, किती पैशात आणि नंतर देखभाल कोण करणार, याचे उत्तर मिळाले तरच खूण करा. महिलांनी हा कागद स्वतः भरावा. पाणी भरण्याचा आणि तापलेल्या स्वयंपाकघराचा अनुभव त्यांचाच आहे.

आपणही काही करू शकतो. वुजूचे पाणी गटारात न सोडता मशिदीच्या आवारातल्या झाडांना देता येते. त्यासाठी कोणाच्या ठरावाची वाट पाहायला नको.

मत ही अमानत आहे आणि निकालानंतर ती संपत नाही. तो कागद जपून ठेवा. नगरपरिषदेचे नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होईल, तेव्हा अर्थसंकल्पात त्या कामांना किती रक्कम ठेवली, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारा. पहिला अर्ज कोणत्या मोहल्ल्यातून गेला, ते आम्हाला जरूर कळवा.