ग्रंथाचा निवाडा कोणी करावा?

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात बायबलच्या अभ्यासकांची व धर्मशास्त्रज्ञांची एक मोठी परिषद भरते. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या दोन संस्था ती मिळून भरवितात. २०२४ साली ती सॅन डिएगो येथे व २०२५ साली बॉस्टन येथे भरली. ख्रिस्ती व यहुदी लोकांच्या ग्रंथाची ही चर्चा. तिच्याशी बौद्ध कुटुंबांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, ग्रंथाच्या आधारे माणसाला दास करता येते हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगले, त्यांना ग्रंथाची तपासणी कोठे व कशी चालते हे ठाऊक असलेच पाहिजे.

या परिषदेस जाणाऱ्याला तेथे प्रवचन ऐकावयास मिळत नाही. एकाच वेळी अनेक दालनांत बैठका चालू असतात. वक्ता आपला निबंध वाचतो, आणि मग त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार होतो. अमुक वचन कोणत्या काळचे, मूळ हिब्रू वा ग्रीक शब्दाचा अर्थ काय, जुन्या हस्तलिखितांत पाठ एकच आहे की भिन्न, हे सारे पुराव्याने सिद्ध करावे लागते. श्रद्धावान ख्रिस्ती, यहुदी आणि कोणताच धर्म न मानणारा असे तिघे एका बाकावर बसतात. विद्यार्थ्याने नामवंत प्राध्यापकाला ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा समजला जात नाही. ‘ग्रंथात लिहिले आहे’ एवढे म्हटल्याने तेथे वाद संपत नाही. तेथूनच तो सुरू होतो.

हे स्वातंत्र्य फुकट मिळालेले नाही. सोसायटीची स्थापना १८८० साली न्यूयॉर्कमध्ये झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक चार्ल्स ब्रिग्ज यांनी १८९१ साली जाहीर भाषणात सांगितले की, बायबलचे पहिले पाच ग्रंथ मोझेसने लिहिलेले नाहीत आणि बायबलात चुका असू शकतात. त्यांच्यावर पाखंडाचा खटला झाला आणि १८९३ साली प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना धर्मोपदेशकाच्या कार्यातून निलंबित केले.

परंतु ग्रंथ चर्चच्या हातून सुटला म्हणून तो सर्वांच्या हाती आला काय? मुळीच नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायातील शापाचा आधार घेऊन काळ्या माणसाची गुलामी ईश्वरी आज्ञा ठरविली होती. हॉवर्ड थर्मन या निग्रो धर्मचिंतकाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या ग्रंथात आपल्या आजीची हकीकत दिली आहे. ती गुलाम म्हणून जन्मली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. परंतु संत पौलाची पत्रे, एखादा अपवाद सोडता, ती वाचू देत नसे. कारण मालकाचा उपदेशक गुलामांपुढे पौलाचेच वचन काढी व ‘दासांनो, धन्याची आज्ञा पाळा’ असे बजावीत असे. स्वतंत्र झाल्यास तो भाग कधी वाचणार नाही, असा तिने निश्चय केला होता.

ही निरक्षर वृद्धा ग्रंथाची समीक्षकच होती. तिने व्याकरण तपासले नाही, ग्रंथाचा परिणाम तपासला. अशा माणसांच्या अनुभवाला पंडितांच्या सभेत मान मिळण्यास किती काळ लागला? सोसायटीच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री एलिझाबेथ शूस्लर फिओरेंझा १९८७ साली आली, म्हणजे स्थापनेनंतर १०७ वर्षांनी. पहिले आफ्रिकी-अमेरिकन अध्यक्ष व्हिन्सेंट विंबुश यांनी अध्यक्षीय भाषण केले ते २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी! ज्ञानाच्या मंदिराचेही दरवाजे असतात आणि त्या दरवाज्यांवरही पहारे असतात, हे या दोन आकड्यांवरून कोणालाही कळेल.

फिओरेंझाबाईंनी त्या वर्षी बॉस्टन येथे दिलेल्या अध्यक्षीय भाषणात मांडलेला मुद्दा आम्हांस अत्यंत मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, वचनाचा मूळ अर्थ सांगितला म्हणजे विद्वानाचे काम संपत नाही. त्या अर्थाने जिवंत माणसांचे काय होते, याचाही जाब त्याने दिला पाहिजे. यावर काही पंडित म्हणतात की, संशोधकाने फक्त सत्य शोधावे, परिणाम पाहू नये. हे म्हणणे दिसावयास निर्मळ आहे. पण ज्याच्या पाठीवर त्या वचनाचा कोरडा कधी उमटलाच नाही, त्यालाच ते परवडते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी त्या ग्रंथाकडे त्याच्या परिणामाचाच जाब मागितला होता.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पुरावा आणि परिणाम या दोन्ही कसोट्या हव्यात. पुराव्याविना परिणामाची ओरड दुबळी ठरते, आणि परिणामाविना पुरावा निर्दय होतो. अध्यक्षपदाची एक खुर्ची मिळाली म्हणून समाधान मानणेही योग्य नव्हे. प्रवासखर्च, शुल्क व परदेशी अभ्यासकाला लागणारा व्हिसा यांमुळे अशा परिषदांच्या दाराशी गरीब देशांतील माणूस आजही अडतो.

आणि हीच कसोटी आपण आपल्या घरातही लावली पाहिजे. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला, ही परंपरेने चालत आलेली कथा बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. जुना धर्म सोडून आलेल्या कुटुंबाने नव्या ग्रंथापुढे डोळे मिटून बसावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. वंदनेनंतर मुलीने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर तिला गप्प बसवू नका. घरातील निरक्षर आजीला एखादे वचन खुपले, तर ते का खुपते ते आधी ऐकून घ्या. ग्रंथाचा निवाडा करण्याचा अधिकार त्या दोघींचाही आहे.