पेटीचीही पाळी लावा

काशीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा आणि पार गायघाटापर्यंतच्या गल्ल्यांतील समस्त मराठी मंडळींस, तसेच इथल्या पाठशाळा, धर्मशाळा, गेस्ट हाउस, साड्यांच्या गद्द्या, बँका आणि दुकाने चालवणाऱ्या सर्वांस एक विनंती.

छोटीच आहे. तुमच्या कामाच्या जागी हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, ज्याला सगळे एईडी म्हणतात, ते भिंतीवर असेल तर आज दुकान वाढवायच्या आधी त्याचे झाकण उघडून पाहा. नसेल आणि घ्यायचे मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी ते सांभाळणाऱ्याचे नाव ठरवा.

लिहायला कारण घडले. मागे शहरातल्या एका कार्यालयात कामासाठी दोन तास ताटकळत बसलो होतो. समोर भिंतीवर या यंत्राची पेटी, आणि तिला विश्वकर्मा पूजेला घातलेला झेंडूचा हार, वाळून कोळसा झालेला. यंत्रावर जिथे हिरवी खूण दिसायची तिथे लाल. शिपायाला विचारले तर म्हणाला, "ई साहब लोगन क हौ, हमन के छुए के मना हौ." साहेबांना विचारले, तर त्यांच्या मते ती जबाबदारी यंत्र बसवून गेलेल्या कंपनीची. भल्या माणसाने माझ्यासमोर पेटी उघडली खरी. पॅडच्या पाकिटावरची मुदत दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती. यंत्राची पूजा झाली, पण त्याची विचारपूस कुणी केली नव्हती.

आता हे यंत्र करते काय, तेवढे सांगतो. माणूस अचानक कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तेव्हा पुष्कळदा हृदय पूर्ण थांबलेले नसते. ते ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरत असते आणि रक्त पुढे ढकलत नाही. त्या थरथरीवर विजेचा एक झटका बसला तर हृदय पुन्हा ताल धरू शकते. छाती दाबली नाही आणि झटकाही मिळाला नाही, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हिशेब तुम्हीच करा. अमेरिकेत लास वेगास आणि इतर ठिकाणच्या जुगारगृहांत सुरक्षारक्षकांना हे यंत्र शिकवले होते. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. लोकांदेखत कोसळलेल्या आणि हृदय असे थरथरत असलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांतले ७४ टक्के जगून घरी गेले. उशीर झाला त्यांतले ४९ टक्के. रक्षक काही डॉक्टर नव्हते. यंत्र जवळ होते आणि चालू होते.

आपल्याकडे तीन मिनिटांत काय पोहोचते? पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात दुर्गाघाट बांधवला, तेव्हा स्ट्रेचर वळवायला किती जागा लागते हे कोण मोजणार होते! १०८ ला फोन लावला तरी गाडी थांबणार मोठ्या रस्त्यावर. पुढे गल्ली, गल्लीत सांड, मग उभ्या पायऱ्या. म्हणून फोन करणाऱ्याने सोबत एक मुलगा रस्त्यावर धाडावा, गाडीतल्या माणसांना वाट दाखवायला. बाकीची मिनिटे आपली.

कुणी म्हणेल, काशीत मरण आले तर मोक्षच, मग हा खटाटोप कशाला? मोक्षासाठी जे इथे येऊन राहिले त्यांच्या इच्छेचा मान ठेवू. पण गद्दीवर गाठोडी उचलणारा चाळिशीचा माणूस तेवढ्यासाठी कामावर आलेला नसतो.

यंत्र फसते ते बहुधा साध्या कारणांनी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जानेवारी २००५ ते सप्टेंबर २०१४ या काळात या यंत्रांच्या बिघाडाचे सुमारे ७२,००० अहवाल आले, आणि कंपन्यांनी वीस लाखांहून जास्त यंत्रांबाबत दुरुस्तीची किंवा परत मागवण्याची कारवाई केली. तिथे हे हाल, तर आपण गाफील राहून कसे चालेल? बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. यंत्र रोज किंवा आठवड्याला स्वतःची तपासणी करते, त्यातही ती खर्ची पडते. पॅडला जेलचा थर असतो, तो काही वर्षांत सुकतो आणि सुकलेला पॅड छातीला नीट चिकटत नाही. दोन्हींवर मुदत छापलेली असते. ती घरातल्या कालनिर्णयावर त्या महिन्याच्या पानावर लिहा, आणि पुढच्या वर्षांची असेल तर पेटीच्या दारावर ठसठशीत चिकटवा. नवे पॅड मागवायला वेळ लागतो, म्हणून मुदतीच्या दोन महिने आधीच मागणी नोंदवा. यंत्र अधूनमधून टीं-टीं करत असेल तर त्याला कापडात गुंडाळू नका (हेही पाहिले आहे). ते तुम्हालाच हाक मारत असते.

कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिवे चढतात. अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ तिथे उभा आहे, पण वेळूवरची टोपली कुणीतरी रोज संध्याकाळी उतरवतो, तेल घालतो, वात सारखी करतो आणि दोरी ओढून पुन्हा वर चढवतो. ज्याची पाळी त्याचे काम, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. देवळांतल्या पूजेच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. तशीच या पेटीची पाळी लावा. दर पौर्णिमेला, म्हणजे विसरायला नको. त्या दिवशी खूण हिरवी आहे का, पॅडचे पाकीट सीलबंद आहे का, मुदत शिल्लक आहे का, हे पाहून पेटीतल्या कागदावर तारीख आणि सही. पाच मिनिटांचे काम. पाळीकऱ्याचे नाव दारावर हवे, आणि तो गावाला गेला तर दुसऱ्याचे.

जागेचाही विचार करा. बहुतेक यंत्रांना पन्नास अंशांपर्यंतचीच उष्णता चालते. जूनमध्ये पश्चिमेच्या उन्हात तापणारी लोखंडी पेटी त्याहून गरम होऊ शकते. नदीकडच्या खालच्या मजल्यावर ठेवलीत तर भादव्यात गंगा चढते, हे तुम्हाला मी काय सांगावे. दार माकडाला उघडता येणार नाही असे असावे, पण कुलूप नको. चोरीची भीती वाटते म्हणून किल्ली साहेबांच्या खिशात ठेवली, तर यंत्र फक्त साहेब हजर असतानाच उपयोगाचे.

पेटीत यंत्राबरोबर कात्री, दाढीचे रेझर आणि कोरडा पंचा असू द्या. हे आपल्या घाटासाठी फार महत्त्वाचे. नुकताच स्नान करून वर आलेला माणूस ओला असतो. छाती पुसल्याशिवाय पॅड चिकटणार नाही. चंदन, भस्म लावलेले असेल तर तेही पुसा, जानवे आणि माळ बाजूला सारा. बाई असेल तर लोक हात लावायला कचरतात. आडोसा धरायला दोघीजणी लुगडे किंवा चादर घेऊन उभ्या राहिल्या तर संकोच उरणार नाही, पण पॅड उघड्या छातीवरच लागले पाहिजेत. पाठशाळांत आठ वर्षांखालचे बटूही असतात. त्यांच्यासाठी लहान पॅड किंवा यंत्रावर तशी सोय असते. नसेल तर मोठेच पॅड एक छातीवर, एक पाठीवर लावतात.

यंत्र स्वतः बोलून सांगते. झटका गरजेचा नसेल तर देत नाही. तुमच्या माणसांना त्याची भाषा कळते का, हे मात्र घेताना विचारा. आणि यंत्र येईपर्यंत छातीच्या मधोमध जोराने दाबत राहायचे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असे. एक दमला की दुसरा.

ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी गल्लीच्या तोंडाशी ती कुठे आहे ते हिंदीत आणि मराठीत लिहून लावावे. शेजारच्या दुकानात कुणी पडला तर ती बाहेर न्यायला परवानगी विचारावी लागू नये, हे कामगारांना आजच सांगून ठेवा. आणि मुदत संपलेले जुने पॅड लगेच फेकू नका. पोरांना कुठे चिकटवायचे ते दाखवायला ते चांगले. फक्त त्या पाकिटावर लाल शाईने मोठी फुली मारा आणि ते पेटीत परत ठेवू नका.