झोपेचा कोर्स करताय? फी भरायच्या आधी हे वाचा



जाम चौरस्त्यावर माझं गाद्या-उशांचं दुकान आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग, त्याला चंद्रपूरचा फाटा, म्हणजे गिऱ्हाइकांत ट्रक ड्रायव्हर भरपूर. त्यातले एक दादा वर्षभरात तीनदा उशी बदलून घेऊन गेले. "आठ तास झोपतो भाऊ, तरी स्टेअरिंगवर डोळा लागते," म्हणायचे. क्लीनर हसत सांगायचा, दादा घोरतात, मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. मी काय केलं? चौथी, जरा महागडी उशी दाखवली. बीबीए केलेला माणूस, विकणं जमतं ना! हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, हे मला कुठं ठाऊक होतं? ते परत आलेच नाहीत.

म्हणून परवा बारावी सायन्सच्या एका पोराने "सर, स्लीप टेक्नॉलॉजी करू का?" असं विचारलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं नाही.

काम काय असतं बघा. रात्री पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना सेन्सर लावायचे. श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके बघत आपण जागायचं. मग ते रेकॉर्डिंग ३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासायचं. आठ तासांचे ९६० तुकडे! श्वास किमान १० सेकंद अडला की नोंद. तासाला अशा ३० किंवा जास्त नोंदी म्हणजे आजार तीव्र. निदान डॉक्टरच करतात, पण वायरच नीट लागली नसेल तर डॉक्टर तरी काय वाचणार?

अमेरिकेत हे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत शिकता येतं. आपल्याकडे यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली खरी, पण झोपेचा वेगळा रस्ता अजून रुळलेला नाही. इथे बहुतेक जण रेस्पिरेटरी थेरपी किंवा न्यूरोफिजिऑलॉजी शिकून या कामाकडे वळतात. माझं मत विचाराल तर तेच करा. मूळ डिग्री हाताशी असेल तर स्लीप लॅब नाही मिळाली तरी आयसीयू आहे. "सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरी हमखास" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: तुमची स्वतःची लॅब आहे का, आणि मला किती रात्री बसू द्याल? आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीला मेडिकल कॉलेजं आहेत. आधी तिथे जाऊन विचारा, बसभाडंच लागेल.

आणखी एक. आता ही तपासणी छोट्या मशीनवर घरीही होते, त्यामुळे नुसतं रात्री जागून पोट भरेल असं धरून चालू नका. खरी गरज पुढे आहे. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. मास्क टोचतो, हवा गळते, आणि हजारोंचं मशीन माळ्यावर जातं. पेशंटजवळ बसून तो मास्क नीट बसवून देणारा माणूस तालुक्याला कुठाय? विकून मोकळे होणारे आमच्यासारखे दुकानदार पुष्कळ.

ते पोरगं सोमवारी सेवाग्रामला जाऊन येतंय. आणि मी उशी दाखवायच्या आधी आता विचारतो, "दादा, घोरता का? दिवसा पेंग येते का?" काल एकजण उशी न घेताच कान-नाक-घसा डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेला. साडेचारशेचं गिऱ्हाईक गेलं.