उतरता येईल अशी नहर

हर्सूलला आमच्या गच्चीवर उभे राहिले म्हणजे उत्तरेचे डोंगर दिसतात. १६१० साली मलिक अंबराने खडकी येथे राजधानी वसविली, जे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि पुढे त्या नव्या शहराची तहान भागविण्यासाठी, खाम नदीच्या वरच्या अंगाला भूमीत मुरलेले पाणी त्याने भुयारी नहरीने शहरात आणले. ही नहर जमिनीच्या पोटातून जात असली तरी तिच्या वाटेवर जागोजाग माणूस खाली उतरू शकेल अशी विवरे राखलेली आहेत. गाळ साचला, चुना निखळला किंवा एखाद्या वडाचे मूळ आत शिरले, तर पुढच्या पिढीतील कोणाही गवंड्याला मूळ कारागिराची मसलत न घेता आत उतरून दोष पाहता यावा, एवढा विचार त्या काळच्या बांधकामात झाला होता. गेल्या आठवड्यात एका संगणकापुढे बसलो असता मला त्या विवरांची तीव्रतेने आठवण झाली.

शेजारचा मुलगा पदविकेचा विद्यार्थी आहे. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यावर, नवे यंत्र घेण्याची ऐपत नसल्यामुळे त्याने जुन्याच संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातली, आणि ब्लेंडरमध्ये चलच्चित्राचा अभ्यास करता यावा म्हणून त्यातील एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा, उत्पादकाने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर बसविला. बसविताना यंत्राने एक पासवर्ड ठरवून घेतला. यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पटावर 'कोणतीही कळ दाबा' अशी सूचना येऊन दहापासून उलटी मोजणी सुरू झाली. मुलगा त्या वेळी स्वयंपाकघरात होता, आणि ते दहा सेकंद निघून गेले. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रात कर्नेल, म्हणजे प्रणालीचे मूळ अंग, अनोळखी सहीचे मॉड्यूल आत घेत नाही. त्यामुळे पडदा उजळला खरा, पण अक्षरे फुगलेली, खिडकी सरकवली की ती मागाहून फरफटत येणारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तो विधी पुन्हा केला, निळ्या पटावर ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही करणाऱ्या किल्लीची नोंद केली, पासवर्ड भरला आणि पडदा स्वच्छ झाला. तेव्हा मुलाने विचारले, "काका, आत्ता आपण सही केली ती नेमकी कशावर?"

प्रश्न मार्मिक होता. ती किल्ली त्याच्याच यंत्रात तयार झालेली, आणि तिने ज्या मॉड्यूलवर सही केली त्याच्या गाभ्यातील संहिता ना त्याने वाचली होती, ना मी, ना उबुंटू रचणाऱ्यांनी. न वाचलेल्या दस्तऐवजाला जामीन राहण्याचाच हा प्रकार होय.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे ड्रायव्हर मूळ संहितेसह समाविष्ट आहेत; कर्नेलची अंतर्रचना बदलली की बदलणारा मनुष्यच त्या ड्रायव्हरांतही योग्य ती दुरुस्ती करतो. एनव्हीडियाचा ड्रायव्हर मात्र या घराबाहेर राहिला, म्हणून प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर त्याचे मॉड्यूल नव्याने जुळवावे लागते, आणि बंदिस्त मॉड्यूल आत शिरताच कर्नेल स्वतःच्या दप्तरी 'टेंटेड', म्हणजे डागाळलेला, अशी नोंद करतो. मग अशा यंत्रावरील बिघाडाची तक्रार कर्नेलचे कर्ते सहसा विचारात घेत नाहीत, कारण आत उतरून पाहण्याची वाटच त्यांच्यापाशी नसते. स्वयंसेवकांनी बाहेरून ठोकून-चाचपून 'नूव्हो' नावाचा मुक्त ड्रायव्हर रचला. परंतु २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय वेग वाढविण्याची सोय उरली नाही, आणि इतक्या परिश्रमाने रचलेला तो ड्रायव्हर त्या कार्डांवर बराच काळ मंदगतीच राहिला. २०१२ साली फिनलंडमधील एका व्याख्यानात लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी भर सभेत अपशब्द काढले. शब्द असभ्य होते, पण संताप अकारण नव्हता.

मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग नावाच्या पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी कर्नेलमधील मॉड्यूलांची संहिता खुली केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि फर्मवेअर आणि वरच्या थरातील आज्ञावल्या बंदच राहिल्या, आणि त्याआधीच्या पिढ्यांना या सवलतीचा काडीमात्र लाभ झाला नाही. ड्रायव्हरच्या ३९० क्रमांकाच्या शाखेची देखभाल २०२२ अखेर संपली. त्या शाखेवर अवलंबून असलेली कार्डे धडधाकट असूनही नव्या कर्नेलशी ती जुळविणे उत्तरोत्तर बिकट होत गेले. गरिबाच्या घरी अशीच कार्डे असतात.

कंपनीच्या बाजूने पेटंटे, इतरांशी झालेले करार, प्रतिस्पर्ध्यांचे भय ही कारणे सांगितली जातात, व ती खोटी नाहीत. ज्याचा अभ्यास किंवा पोटापाण्याचा उद्योग आज या ड्रायव्हरवाचून अडला आहे त्याने तो निःशंकपणे बसवावा. त्या मुलाला मीही तेच सांगितले. माझे म्हणणे खाजगी ग्राहकापेक्षा सरकारी खरेदीविषयी आहे. पुण्यात याच कंपनीचे मोठे विकासकेंद्र आहे. पुण्याच्याच सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा संगणक तिच्याच ग्राफिक्स-प्रक्रियकांवर उभा राहून नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ व्या स्थानी पोहोचला. एवढा मोठा ग्राहक असलेल्या देशाने विक्रेत्यापुढे एखादी अट ठेवण्यास संकोच का करावा? २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, परंतु शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी संगणक मागविताना निविदेत प्रोसेसर, मेमरी आणि हमीची वर्षे एवढ्यांचीच बारकाईने चौकशी होते, ड्रायव्हरला कोणी पुसत नाही. यंत्राचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये समाविष्ट असावा, आणि नसेल तर देखभाल थांबविण्याच्या दिवशी उत्पादकाने त्याची संहिता किंवा निदान कार्डाची तांत्रिक कागदपत्रे खुली करावीत, असे एक कलम जिल्हा परिषदेपासून विद्यापीठापर्यंत प्रत्येक निविदेत घालण्याची तजवीज झाली पाहिजे. त्याला नवा कायदा लागत नाही. खरेदी-समितीतील एका जाणत्या सदस्याचा आग्रह पुरतो.

त्या संध्याकाळी काम संपल्यावर मुलाने वहीचे एक पान फाडून त्यावर कर्नेलचा क्रमांक, ड्रायव्हरचा क्रमांक, तारीख आणि निळ्या पटावर काय निवडायचे ते सुवाच्य अक्षरांत लिहिले, संगणकाच्या पेटीचे झाकण काढले आणि तो कागद आतल्या बाजूस चिकटवून दिला. यंत्र आणखी काही वर्षांनी धाकट्या बहिणीकडे जाणार आहे, असे म्हणत त्याने झाकणाचे स्क्रू आवळले.